यंत्राची चूक, माणसाचा हक्क

(खोपट, ठाणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या कामात होणाऱ्या चुका आणि त्या चुका लोकांना कशा सांगितल्या जातात, हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. हा अभियंत्यांचा प्रांत, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. परंतु शिधावाटप दुकान, तहसील कचेरी, बँक, विद्यापीठ आणि रुग्णालय ह्या सर्व ठिकाणी गरिबाचा हक्क आज संगणकाच्या पडद्यावरून पुढे सरकतो. पूर्वी त्या वाटेवर कारकून बसलेला असे. कारकुनाशी भांडता येत असे, त्याच्या साहेबाकडे जाता येत असे, वेळ पडल्यास कचेरीवर मोर्चा नेता येत असे. यंत्राशी भांडता येत नाही, आणि त्याचा साहेब कोण हे पुष्कळदा कारकुनालाही ठाऊक नसते.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कोणत्याही खिडकीवर ऐकू येतात. ह्या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात यंत्र आहे, माणूस नाही. बिघाड कोणाच्या ताब्यातील वस्तूत झाला, तो केव्हा दुरुस्त होईल आणि तोवर समोरच्याने काय करावे, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. पाऊस पडतो आहे, असे सांगावे तसे ते सांगितले जाते. ऐकणारी बाई रिकामी पिशवी घेऊन परत फिरते. तिचा रोज बुडतो, आणि तो कोणी बुडवला ह्याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही.

खोपटच्या एस.टी. आगारातून सुटणाऱ्या गाड्यांकडे पाहिले तर ह्या प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानात येते. तिकीट छापणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र हाती येण्यापूर्वी वाहकाजवळ तिकिटांची पेटी आणि पंच असे. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक असे, आणि कोणत्या टप्प्यापर्यंत कोणत्या क्रमांकाची तिकिटे गेली ह्याची नोंद वाहक स्वतःच्या हाताने वे-बिलावर करी. हिशेब कधी चुकत नसे असे नाही. पण चुकला तर कोठे चुकला, हे वाहकाला, तपासनीसाला आणि आगारातील हिशेबनीसाला एकाच कागदावरून सारखेच पाहता येई. पुरावा कामगाराच्याही हातात होता. यंत्राने काम पुष्कळ हलके झाले, हिशेब झटपट होऊ लागला, हे मान्यच केले पाहिजे. मात्र आता रक्कम यंत्राच्या पोटात तयार होते, आणि ती कशी तयार झाली हे वाहकाला दिसत नाही. तरीही यंत्र वाटेत बंद पडले तर हाताने फाडून देण्याची तिकिटे गाडीत ठेवण्याची पद्धत एस.टी.ने राखली, हे शहाणपणाचे होते. त्या पद्धतीत एक कबुली आहे. यंत्र कधी ना कधी बंद पडणार, आणि ते बंद पडले तरी गाडी चालली पाहिजे, प्रवाशाला तिकीट मिळाले पाहिजे. ही साधी कबुली जेथे दिली जात नाही, तेथे काय घडते हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

संगणकाला काम सांगणारी आज्ञावली, जिला सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, ती माणसेच लिहितात. लाखो ओळींच्या आज्ञावलीत एकही चूक राहिलेली नाही, अशी हमी कोणताही प्रामाणिक अभियंता देणार नाही. ह्या चुका स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. कधी आज्ञाच चुकीची लिहिलेली असते. कधी आज्ञा बरोबर असते, पण तिला पुरवलेली माहिती चुकीची असते. एका कागदावर ‘दीपक’ आणि दुसऱ्यावर ‘दिपक’, एवढ्यावरही माणूस यंत्राच्या लेखी परका ठरतो. कधी आज्ञा आणि माहिती दोन्ही ठीक असतात, पण दूर ठेवलेल्या मुख्य संगणकाशी असलेला संपर्क तुटतो. तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत. पहिल्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला जाब विचारावा लागतो, दुसऱ्यासाठी नोंद ठेवणाऱ्या कचेरीत जावे लागते, तिसऱ्यासाठी काही काळ थांबावे लागते. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तिन्ही वेळी एकच उत्तर मिळते, आणि म्हणून तो पुन्हा पुन्हा चुकीच्या दारी जाऊन उभा राहतो.

खरा त्रुटीसंदेश चार गोष्टी सांगतो. काय बिघडले, कोणाच्या बाजूने बिघडले, समोरच्याने आता काय करावे, आणि दुरुस्ती होईतो त्याचा हक्क कसा शाबूत राहील. पहिल्या तीन गोष्टी चांगला अभियंता जाणतो. चौथी गोष्ट अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडणार नाही. ती न्यायाची गोष्ट आहे, आणि न्यायाच्या गोष्टी लोकांनी मागितल्याखेरीज मिळत नाहीत.

पहिल्या दोन गोष्टी दडवल्या तर माणसे मरतात, हे जगाने १९८० च्या दशकातच पाहिले आहे. कर्करोगाच्या रुग्णांवर किरणोपचार करणारे ‘थेराक-२५’ नावाचे यंत्र कॅनडातील अणुऊर्जा मंडळाने बनवले होते. आधीच्या यंत्रांत प्रमाणाबाहेर किरण जाऊ नयेत म्हणून आज्ञावलीपासून स्वतंत्र असे अडसर होते. ह्या यंत्रात ते काढून टाकून सारा भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आला. १९८५ ते १९८७ ह्या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात किरण लागले आणि त्यांतील काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. १९८६ साली टेक्सासमधील टायलर गावच्या रुग्णालयात हे घडले, तेव्हा पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढीच अक्षरे उमटली होती. त्या आकड्याचा अर्थ यंत्र चालवणाऱ्या बाईंना कोणी सांगितलेला नव्हता, आणि सोबतच्या पुस्तिकेतही त्याचा उलगडा नव्हता. असले आकडे पडद्यावर वरचेवर येत आणि एक कळ दाबली की काम पुढे चाले. त्यामुळे त्यांनी ती कळ दाबली. यंत्राकडून असे होणे शक्यच नाही, असे उत्पादकांचे तज्ज्ञ सांगत राहिले. अखेर त्या रुग्णालयाचे भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर आणि यंत्र चालवणाऱ्या त्याच कर्मचारी बाई ह्यांनी मिळून दोष शोधला. पडद्यावरील नोंद झटपट दुरुस्त केली तर यंत्राचा गोंधळ उडतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून दाखवले. जे उत्पादकाच्या तज्ज्ञांना सापडले नाही, ते रोज यंत्रावर काम करणाऱ्या हातांना सापडले. कामगाराच्या अनुभवाला ज्ञानाचा दर्जा दिला पाहिजे, असे समाजवादी विचार नेहमी सांगत आला आहे. त्याचा ह्याहून ठळक पुरावा क्वचितच मिळेल.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक-यंत्रणा गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत बसवली. ह्या कचेऱ्या चालवणारे उपडाकपाल म्हणजे बहुतेक छोटे दुकानदार होते, आणि त्यांत भारतीय वंशाची माणसेही पुष्कळ होती. यंत्रणा हिशेबात तूट दाखवू लागली. करारानुसार तूट उपडाकपालाने भरायची होती. चौकशीसाठी दूरध्वनी करणाऱ्या अनेकांना, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात शेकडो जण हीच तक्रार करीत होते. संगणक बरोबर चालतो असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असा तेथील कायद्याचा दंडक होता, आणि तो चुकला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडला. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब ह्या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींचे दिवाळे निघाले, काहींनी जीव दिला. ॲलन बेट्स नावाच्या उपडाकपालाने विखुरलेल्या माणसांना एकत्र आणले. २०१९ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने यंत्रणेत दोष होते असा निर्णय दिला, आणि २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ‘तुम्ही एकटेच’ हे वाक्य खोटे तर होतेच, पण त्याचे खरे काम निराळे होते. ते माणसाला त्याच्यासारख्याच इतरांपासून तोडत होते. संघटना का हवी, हे कोणाला समजावून सांगायचे असेल तर ही एक हकीकत पुरेशी आहे.

आता घराजवळ येऊ या. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीची महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख होत्या आणि परीक्षा ४७७. पुरेशी पूर्वतयारी नाही, छोट्या प्रमाणावर चाचणी नाही, प्राध्यापकांना धड प्रशिक्षण नाही, अशा स्थितीत हा डोलारा उभा केला गेला. निकाल ३१ जुलैपर्यंत लावण्याचा कुलपतींचा आदेशही पाळता आला नाही. तारखेमागून तारखा जाहीर होत गेल्या आणि सप्टेंबर उजाडला. निकाल लागले तेव्हा पेपर लिहिलेल्या कित्येक विद्यार्थ्यांना गैरहजर दाखवण्यात आले होते, आणि कित्येकांच्या उत्तरपत्रिका सापडत नव्हत्या. परदेशी अथवा परप्रांतात पुढील शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांच्या संधी हुकल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

कुलगुरू गेले, पण विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले का? ‘गैरहजर’ हा शब्द ज्याच्या गुणपत्रिकेवर उमटला, त्याच्या दृष्टीने पाहा. उत्तरपत्रिका विद्यापीठाला सापडत नव्हती. म्हणजे खरा त्रुटीसंदेश ‘तुमची उत्तरपत्रिका आमच्याकडून हरवली आहे’ असा असावयास हवा होता. यंत्रणेने त्याऐवजी विद्यार्थी आलाच नाही असे जाहीर केले. आपली चूक तिने विद्यार्थ्याच्या नावावर मांडली, आणि आपण परीक्षेला बसलो होतो हे सिद्ध करण्यासाठी त्याला कलिन्याच्या फेऱ्या घालाव्या लागल्या. ब्रिटनच्या उपडाकपालाचे आणि ह्या विद्यार्थ्याचे दुखणे एकच आहे. यंत्राने चूक करायची, आणि निर्दोष असल्याचा पुरावा माणसाने आणायचा.

ह्या तीन उदाहरणांत समाजवाद्यांनी विशेष मनावर घ्यावी अशी एक गोष्ट आहे. कॅनडाचे अणुऊर्जा मंडळ सरकारी मालकीचे होते. ब्रिटनचे टपाल खाते सरकारी मालकीचे आहे. मुंबई विद्यापीठ सार्वजनिक आहे. तिन्ही ठिकाणी खासगी नफेखोर मालक बसलेला नव्हता. सॉफ्टवेअरचे काम कंत्राटदाराने केलेले असले तरी निर्णय आणि जबाबदारी सार्वजनिक संस्थेचीच होती. मालकी समाजाची झाली की उत्तरदायित्व आपोआप येते, हा समज ह्यापुढे टिकणार नाही. संस्था आपली चूक आपल्या तोंडाने आणि लोकांच्या भाषेत सांगू लागते, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने लोकांची होते. चूक लपवणारी सार्वजनिक संस्था खासगीकरण करू पाहणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत देते, हेही विसरता कामा नये.

शिधावाटपात हा प्रश्न थेट पोटाशी येऊन भिडतो. दुकानातील ई-पॉस यंत्रावर बोट ठेवायचे, ते आधारच्या नोंदीशी जुळले तर धान्य मिळायचे. धुण्याभांड्यांनी, विटांनी, सिमेंटने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचीच बोटे जुळत नाहीत. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले त्याच्या हाताला यंत्र ओळखत नाही, ह्याहून क्रूर विरोधाभास कोणता? २०१७ च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक ११ वर्षांची मुलगी मरण पावली. आधारशी जोडणी नसल्याने कुटुंबाची शिधापत्रिका रद्द झाली होती. मुलगी भुकेने गेली असे कुटुंबाने सांगितले. शासनाने मलेरियाचे कारण दिले. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्रीय अन्न विभागाने राज्यांना लेखी कळवले की आधार नाही, ठसा जुळत नाही किंवा संपर्क नाही, एवढ्या कारणाने कोणालाही धान्य नाकारू नये, आणि अशा प्रसंगांची स्वतंत्र नोंद ठेवावी. सूचना चांगली आहे. पण यंत्राच्या पडद्यावर ती उमटत नाही. ठसा जुळला नाही, एवढे पडदा सांगतो. तरीही धान्य द्यावयाचे आहे, हे सांगत नाही. हक्क कागदावर राहतो आणि नकार पडद्यावर दिसतो.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो. चुकीचा सारा तपशील उघड केला तर लबाड माणसे त्याचा गैरफायदा घेतील, आणि सामान्य माणूस तांत्रिक गोष्टी ऐकून गोंधळेल. आक्षेपाचा पहिला भाग काही अंशी खरा आहे. यंत्रणेच्या आतील कुलपे कशी आहेत हे चव्हाट्यावर मांडू नये. पण ‘बिघाड आमच्या बाजूचा आहे, तुमचा अर्ज सुरक्षित आहे, शुक्रवारपर्यंत मुदत वाढवली आहे’ एवढे सांगण्याने कोणते कुलूप उघडते? दुसऱ्या भागाबद्दल एवढेच म्हणावे लागेल की कूळकायदा, किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी समजून घेणाऱ्या कष्टकऱ्याला सरळ मराठीत सांगितलेला बिघाड समजणार नाही, असे मानणे हा त्याचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संगणकामुळे मधल्यामध्ये होणारी गळती कमी झाली, बनावट नावे उघडकीस आली. मग चळवळीने यंत्राला विरोध का करावा? विरोध करण्याचे कारणच नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, आणि १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार केला, तेव्हा प्रश्न नोकऱ्यांचा होता. यंत्र आल्यावर किती हात रिकामे होतील, हे कामगार चळवळीने विचारले आणि ते विचारणे योग्यच होते. पण दुसरा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. यंत्र चुकेल तेव्हा भरपाई कोण देईल? आज खिडकीच्या दोन्ही बाजूंची माणसे त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मोजत आहेत. बाहेर ताटकळणारा नागरिक आणि आत त्याच्या शिव्या खाणारा कंत्राटी कर्मचारी, दोघांनाही पडद्यावरील आकड्याचा अर्थ कळत नाही. त्यांना एकमेकांवर तुटून पडण्यास लावणारी ही व्यवस्था ओळखली पाहिजे.

आणि भरपाई शक्य आहे, हे देशातच सिद्ध झालेले आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने असा नियम केला की एटीएममधून पैसे न निघता खात्यातून रक्कम वजा झाली, तर बँकेने पाच दिवसांत ती परत जमा करावी; न केल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, आणि तीही खातेदाराच्या तक्रारीची वाट न पाहता. ह्या नियमामागचे तत्त्व मोलाचे आहे. चूक यंत्राची असेल तर पुराव्याचा आणि विलंबाचा भार यंत्र बाळगणाऱ्याने सोसावा. बँकेच्या खातेदाराला जे तत्त्व लागू आहे, ते शिधापत्रिकाधारकाला, विद्यार्थ्याला, निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेला का लागू नसावे?

त्यासाठी लागणारे कायदे बऱ्याच अंशी आधीच हातात आहेत. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना कळवली पाहिजेत. यंत्राने दिलेला नकार हाही निर्णयच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, अर्ज फेटाळला तर कारण लेखी दिले पाहिजे, त्यावर अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ८ मध्ये धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. ह्या तिन्ही कायद्यांना यंत्राच्या चुकीपर्यंत आणून भिडवण्याचे काम राहिले आहे.

म्हणून पक्षाने पुढील मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. सरकारी यंत्रणेचा प्रत्येक नकार लेखी, मराठीत, दिनांक, वेळ आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह मिळाला पाहिजे. जेथे यंत्र आहे तेथे यंत्राविना काम पुरे करण्याची पर्यायी वाट असलीच पाहिजे, आणि ती पडद्यावर व भिंतीवर लिहिलेली असली पाहिजे. बिघाडाच्या काळात कोणतीही मुदत संपलेली मानू नये. यंत्राच्या नोंदीवरून कोणाही कामगारावर अथवा नागरिकावर ठपका ठेवण्यापूर्वी यंत्र निर्दोष होते हे संस्थेने सिद्ध करावे. आणि प्रत्येक यंत्रणेच्या चुकांची नोंदवही लोकांना पाहण्यास खुली असावी, म्हणजे ‘तुम्ही एकटेच’ असे कोणाला सांगता येणार नाही.

शासन ती नोंदवही उघडेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. खोपट, राबोडी, कळव्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत प्रत्येक शाखेने एक साधी वही घालावी. कोणत्या दुकानात, कोणत्या कचेरीत, कोणत्या दिवशी, किती वाजता, पडद्यावर नेमकी कोणती अक्षरे उमटली आणि कोणाचे काम अडले, एवढेच तिच्यात लिहावे. खिडकीच्या आतील कर्मचाऱ्याचीही साक्ष त्यात घ्यावी, कारण तोही ह्याच यंत्राखाली दबलेला आहे. महिनाभराने ह्या वह्या एकत्र वाचल्या की एकेकट्याचे वाटणारे दुर्दैव कोठे कोठे एकसारखे आहे हे दिसेल. मग शिधावाटप अधिकाऱ्याकडे जाताना कार्यकर्त्याच्या हातात तारीख, वेळ आणि दुकानाचा क्रमांक असेल, आणि उत्तर लेखी घेतल्याशिवाय त्याने तेथून उठू नये.